हवेला विचारून

‘पीठ दीड तास झाकून ठेवा’ असं पाककृतीत वाचलं की लिहिणारा कुठल्या गावात बसलाय, हे आधी बघून घ्यावं. पुण्यातल्या डिसेंबरातला दीड तास वेगळा आणि मडगावातल्या मे महिन्यातला वेगळा. तिथे तेवढ्या वेळात पीठ जेमतेम हलतं. इथे ते फुगून वर येतं, आंबतं आणि कंटाळून पुन्हा बसतं. घरी पाव, व्हिनेगर, सोलं (आमसुलं), दही असलं काही करून बघायची हौस गोव्यात पुष्कळांना येते, आणि बहुतेकांची पहिली फजिती जिन्नसांमुळे होत नाही, हवेमुळे होते. वर्षातले आठ महिने ती उबदार असते, उरलेले चार इतकी ओली की बरणीतलं जाडं मीठसुद्धा पाझरतं.

मिठावरून आठवलं, इथलं आगरातलं मीठ चमच्याने मोजू नये, वजनाने घ्यावं. जाडे खडे चमच्यात पोकळ बसतात, त्यामुळे बारीक मिठाच्या चमच्यात सहा ग्रॅम भरत असतील तर याच्या चमच्यात चार-पाचच भरतात. पावसाळ्यात त्यात पाणीही असतं. मिठातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. बरणीच्या तळाशी साचलेलं ते पाणी कडू लागतं, ते टाकून द्यावं. घरी काही करून बघणाऱ्याने पहिली खरेदी करायची ती एका ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्याची. दुसरी थर्मामीटरची. ओव्हन वगैरे नंतर.

आता पोई, म्हणजे गोव्याचा कोंडा लावलेला, पोटात पोकळ असा गोल पाव. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोई दारात येते, स्वस्त असते आणि चांगली असते. पैसे वाचवायला कुणी ती घरी करणार असेल तर त्याने विजेचं बिल आधी डोळ्यांसमोर आणावं. घरी करायची ती पीठ कसं वागतं ते कळावं म्हणून, आणि त्यात कणकीचं प्रमाण आपल्या मनाप्रमाणे ठेवता येतं म्हणून. बाजारातल्या पुष्कळ पोयांमध्ये आता मैदाच जास्त असतो, कोंडा फक्त वरून भुरभुरलेला.

दहा पोयांना 300 ग्रॅम कणीक, 200 ग्रॅम मैदा, 10 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम साखर आणि साधारण 340 मिलिलिटर पाणी. पाकिटावर 500 ग्रॅम पिठाला पाच ग्रॅम कोरडं यीस्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडे अडीच-तीन ग्रॅम पुरे. मे महिन्यात पाणी चांगलं गार घ्यावं. मळून झाल्यावर पीठ 26-27 अंशांवर असावं, आणि खोली 32 वर असताना नळाचं पाणी घेतलं तर ते साधत नाही, कारण मळताना हाताची आणि घर्षणाची उष्णताही त्यात जाते. पावसाळ्यात पिठाने आधीच ओलावा धरलेला असतो, म्हणून दहा-पंधरा मिलिलिटर पाणी मागे ठेवावं आणि लागलं तरच घालावं. जात्यावर दळलेल्या कणकीतल्या पिष्टाचे कण चिरडलेले असतात, ते पाणी जास्त पितात, पण सावकाश पितात. पाणी घालून सगळं नुसतं एकत्र करावं आणि वीस मिनिटं तसंच सोडावं. मग मळायला निम्मे कष्ट पडतात.

मळल्यावर पीठ फुगायला गोव्यात पाऊण ते सव्वा तास लागतो. घड्याळाकडे बघण्यापेक्षा बोट वापरावं. पिठात बोट खुपसून काढलं की खड्डा हळूहळू अर्धा भरला पाहिजे. लगेच पूर्ण भरला तर अजून वेळ आहे. अजिबात भरला नाही तर उशीर झालाय. उशीर झालेलं पीठ फेकायचं कारण नाही. ते थापून तव्यावर भाकरीसारखं भाजलं तरी चांगलं लागतं, फक्त त्याला पोई म्हणू नये.

85 ग्रॅमचे गोळे करून दहा मिनिटं झाकून ठेवायचे, मग ताटात पसरलेल्या कोंड्यावर दाबून चार-पाच इंचांची चकती करायची, जाडी सगळीकडे सारखी, साधारण अर्धा सेंटिमीटर. कोंडा पिठाच्या आतही घालायचा मोह होतो. 40-50 ग्रॅमपर्यंत चालतो, तोही आधी भिजवून, कारण कोरड्या कोंड्याच्या कडा ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे कापतात आणि पीठ फुगायला कुरकुरतं. चकत्या कापडाखाली अर्धा तास. पंख्याखाली मुळीच नाही. पंख्याच्या वाऱ्याने वरची त्वचा सुकते, भट्टीत ती तडकते, आणि त्या एका चिरेतून सगळी वाफ निघून जाते.

पोईच्या पोटातली पोकळी ही फक्त वाफेची करामत आहे. चकतीला खालून एकदम जबर उष्णता मिळाली की वरचा आणि खालचा थर आधी घट्ट होतो, मधलं पाणी वाफ होऊन दोघांना वेगळं करतं. पोदेराच्या भट्टीची जमीन लाकडाच्या विस्तवाने तापलेली असते, तिच्यावर हे सेकंदांचं काम. घरच्या ओव्हनमध्ये ती जमीन आपल्यालाच आणावी लागते. बिडाचा जाड तवा ओव्हनच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवून 250 अंशांवर निदान चाळीस मिनिटं तापवावा. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली एवढंच, तवा अजून अर्ध्या वाटेवर असतो. पोया थेट तव्यावर सोडायच्या, दार लगेच लावायचं आणि सात-आठ मिनिटं उघडायचं नाही. पोई टम्म न होता बनपावासारखी वर आली तर तवा थंड होता. एका बाजूनेच फुगली तर चकती असमान होती. आणि फुगलीच नाही, पण आत मोठमोठी भोकं पडली, तर ती आधीच जास्त फुगून गेली होती, तिच्यातली वाफ त्या भोकांतून वाट काढत गेली.

उरलेली पोई फ्रिजमध्ये ठेवणारे घरोघरी भेटतात. शिजलेलं पिष्ट पुन्हा कडक होण्याचा वेग चार-पाच अंशांना सगळ्यात जास्त असतो, म्हणजे फ्रिज हीच पोईसाठी सगळ्यात वाईट जागा. एक तर बाहेर कापडात, नाही तर सरळ बर्फाच्या खणात.

यीस्ट नव्हतं तेव्हा हेच काम सुरेने, म्हणजे माडीने, व्हायचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर भट्टीचा पाव या तांदूळ खाणाऱ्या मुलखात आला, आणि दक्षिण गोव्यात साष्टी तालुक्यातल्या माजोर्डा गावचे लोक हे काम सर्वांत आधी शिकले असं मानतात. पीठ फुगवायला हाताशी होती ती माडाची सूर, जी रेंदेर माडावरून उतरवतो तेव्हाच आंबायला लागलेली असते. आज सकाळची ताजी सूर मिळणं शहरात कठीण आहे. मिळाली तर पोईतल्या पाण्याच्या जागी निम्मी सूर घालून बघावी. वेळ दुप्पट लागतो, वास मात्र यीस्टच्या पाकिटाला कधी जमणार नाही असा येतो. सूर दुपारपर्यंत ठेवून मग वापरली तर पाव आंबट होतो, आणि दोष सुरेला लागतो.

जे लोक सूर न मिळाल्यामुळे पीठ-पाण्याचं आंबवण घरी पाळतात, त्यांच्यासाठी एकच गोष्ट. थंड देशांतल्या पाककृतींत जुनं आंबवण, पीठ आणि पाणी समप्रमाणात घ्यायला सांगतात. आपल्या 30 अंशांना ते चार-पाच तासांत फुगून भुकेलं होतं आणि रात्रभर उपाशी राहिलं की त्यातली आम्लं ग्लुटेनच खाली आणतात. मग पीठ हाताला चिकटतं, आकार धरत नाही. 10 ग्रॅम जुनं, 50 ग्रॅम पीठ, 50 ग्रॅम पाणी, असं खाऊ घालावं. गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली तर दया न दाखवता टाकून द्यावं.

व्हिनेगर हे मात्र आळशी माणसाचं काम आहे, आणि म्हणूनच ते मला सगळ्यात जास्त आवडतं. त्यात दोन कामगार पाळीपाळीने येतात. आधी यीस्ट साखरेचा अल्कोहोल करतं, त्याला हवा नको असते. मग जीवाणू अल्कोहोलचं आम्ल करतात, आणि त्यांना हवा हवीच असते. घरचं व्हिनेगर बिघडतं ते बहुधा या दोघांना उलट वागवल्यामुळे.

सूर नसेल तर नारळपाणी चालतं. एक लिटर नारळपाण्यात 80 ग्रॅम साखर विरघळवून, उकळून, गार करायचं. नुसत्या नारळपाण्यात साखर इतकी कमी असते की त्याचं पांचट आंबट पाणी होतं. पाव चमचा यीस्ट घालून बाटलीचं झाकण सैल ठेवायचं. घट्ट लावलं तर दोन दिवसांत बाटली फुटू शकते. बुडबुडे थांबायला आठवडा लागतो. मग वरचं नितळ पाणी रुंद तोंडाच्या काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत ओतायचं, त्यात पाव लिटर न उकळलेलं, जिवंत व्हिनेगर विरजण म्हणून घालायचं आणि तोंडाला दुपदरी कापड करकचून बांधायचं. कापड सैल राहिलं तर चिलटांची वसाहत होते. ॲल्युमिनियम, तांबं, लोखंड यांना या कामात स्थान नाही.

दीड-दोन महिने. मधेच नखाला लावायच्या रंगासारखा वास येतो, घाबरू नये, तो आपोआप जातो. वर पारदर्शक, बुळबुळीत साय जमली तर उत्तम, तीच कामाची. कोरडी, सुरकुतलेली पांढरी पापडी आली तर ती काढून टाकावी. लोकरी, हिरवी-काळी बुरशी आली तर बरणी रिकामी करावी. चव पुरेशी आंबट झाली की व्हिनेगर गाळून 65-70 अंशांपर्यंत दहा मिनिटं तापवावं आणि बाटल्या गळ्यापर्यंत भराव्यात. हे टाळलं तर अल्कोहोल संपल्यावर तेच जीवाणू आम्लही खायला लागतात आणि सहा महिन्यांनी बाटलीत मचूळ पाणी उरतं. विंदालूला, कांद्याच्या कोशिंबिरीला हे व्हिनेगर झकास. पण त्यात आम्ल नेमकं किती टक्के आहे हे घरी चवीवरून कळत नाही, म्हणून महिनोन्‌महिने टिकवायच्या लोणच्याला ते वापरू नये. तिथे बाटलीवर टक्केवारी छापलेलंच घ्यावं.

दह्याचं फार सांगण्यासारखं नाही. दूध 85-90 अंशांवर काही मिनिटं राहू द्यावं म्हणजे दही घट्ट लागतं, विरजण 40-42 वर लावावं, अर्ध्या लिटरला एक चमचा. मे महिन्यात पाचव्या तासाला बघावं, पावसाळ्यात आठव्या. रात्री लावून सकाळी बघणाऱ्यांना उन्हाळ्यात आंबट दह्याचं आश्चर्य वाटू नये.

नारळाच्या रसाला तर पर्यायच नाही, पाकिटातला रस पाकिटात राहू द्यावा. एका नारळाच्या चवाला एक वाटी 50-55 अंशांचं पाणी. उकळतं घातलं तर रस फुटतो आणि शिजकट वास येतो.

आणि सोलं. इथे हवा कॅलेंडर हातात घेऊन बसलेली असते. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मे महिन्यांत पिकतात आणि पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास दारात असतो, म्हणजे सगळा खेळ तीन-चार आठवड्यांचा. पूर्ण पिकलेली, काळपट लाल फळं धुऊन, पुसून, मधे फोडायची. गर आणि बिया एका बरणीत. त्यात किलोला 150 ते 200 ग्रॅम मीठ. सालं उन्हात. संध्याकाळी सालं त्या खारट रसात बुडवायची, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. चार-पाच वेळा असं केलं की ती काळी, चामट आणि लवचीक होतात. रस न लावता नुसती वाळवलेली सालं कडक होतात आणि आमटीत जीव ओतत नाहीत. वळवाचा पाऊस आला तर ओली सालं ढिगाने आत आणू नयेत, पसरूनच ठेवावीत. ढिगाच्या पोटात एका रात्रीत बुरशी धरते. साठवताना सोलांवर पांढरं काही दिसलं तर बोटाने चोळून पाहावं. खरखरीत असून पाण्यात विरघळलं तर मीठ, मऊ आणि तंतूंचं असेल तर बुरशी.

उरलेला खारट रस गाळून बाटलीत भरला की आगळ झालं. त्याची सोलकढी करताना वेगळं मीठ घालायची घाई करू नये, आणि आगळ घातल्यावर ती विस्तवावर ठेवू नये. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की नारळाच्या रसातली प्रथिनं गुठळ्या धरतात.

बियाही टाकायच्या नाहीत. त्या धुऊन, खडखडीत वाळवून, वरचं टरफल काढून कुटायच्या आणि भरपूर पाण्यात उकळायच्या. वर तरंगणारी चरबी काढून गार केली की भिरंडेल होतं, टाचांच्या भेगांना लावायचं. खोबरेल तेल 24 अंशांच्या वर पातळच असतं, म्हणून गोव्यात ते डिसेंबरातल्या पहाटेपुरतंच थिजतं. भिरंडेल वितळायला चाळीसच्या आसपास उष्णता लागते, त्यामुळे मे महिन्याच्या भर दुपारीही ते वडीसारखं घट्ट राहतं आणि लावायच्या आधी तळहातावर बराच वेळ चोळावं लागतं.