आमची वाटचाल : दुकानदाराच्या डोक्यावर बादली

आमचा स्टुडिओ म्हणजे कोथरूडमधली एक खोली, दोन पेन टॅब्लेट आणि आम्ही तिघं. मी लिहिते, एक जण चित्रं काढतो, तिसरी रंग आणि अक्षरं सांभाळते. रोल-प्लेइंग गेम्सवर, म्हणजे आपण एखादं पात्र होऊन खेळतो त्या व्हिडिओ गेम्सवर, मराठीत विनोदी कॉमिक्स काढायची, हे आधी नोकरीनंतरचं वेड होतं. नोंदणी, करंट अकाउंट वगैरे मागाहून आलं.

सुरुवात 'स्कायरिम'ने झाली. २०११ सालच्या या गेममध्ये दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली की त्याला दिसेनासं होतं आणि त्याच्या 'देखत' दुकान साफ करता येतं. आम्ही दोनच चौकटी केल्या. पहिलीत बादली. दुसरीत रिकामी फडताळं आणि बादलीच्या आतून आवाज : "आज गिऱ्हाईकच नाही हो!" ते कॉमिक फिरत फिरत आमच्याच घरच्या ग्रुपवर येऊन पडलं.

पात्रांची टवाळी करायची नाही, विनोद गेमच्या नियमांतूनच काढायचा, हे तेव्हाच ठरलं. 'विचर ३' या गेममध्ये नायक गेराल्टची मानलेली लेक सिरी बेपत्ता आहे, वाइल्ड हंट ही भुतासारख्या स्वारांची टोळी तिच्या मागावर आहे आणि हा बाबा खानावळीत ग्वेंट या पत्त्यांच्या खेळाचे डाव टाकत बसतो. यात आम्ही भर काय घालणार? फक्त शेजारच्या बाकावर एक आजी बसवली, "लेक सापडली का रे?" विचारणारी.

खरी मेहनत फुग्यांत, म्हणजे पात्रांचे संवाद लिहितो त्या गोलांत जाते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, रफार, खाली उकार. ओळी जवळ घेतल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. त्यात गेममधल्या राक्षसांना समोरच्याला "मूर्खा!" म्हणायची भारी हौस; त्या एका शब्दात ऊकारही आहे आणि रफारही. म्हणून आमच्याकडे आधी फुगा बसतो, मग चित्र.

कमाई? या कॉमिक्समधून शून्य, आणि ते ठरवूनच. पात्रं कंपन्यांची. जपानमध्ये १९७५पासून भरणाऱ्या कॉमिकेट या कॉमिक्सच्या जत्रेत चाहत्यांनी स्वतः छापलेली कॉमिक्स, म्हणजे दोजिन्शी, उघड विकली जातात आणि मूळ मालक बऱ्याचदा काणाडोळा करतात. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ टीका-समीक्षेला मोकळीक देतं, विडंबनाचं नाव त्यात नाही. तेवढ्या फटीत धंदा उभा करायची आमची छाती नाही. कॉमिक्स फुकट, बिल लागतं ते ती पाहून येणाऱ्या कामांना. चाकणच्या एका कारखान्याला सुरक्षेची पोस्टर्स हवी होती. आम्ही हेल्मेट, हातमोजे, बूट चिलखतासारखे मांडले, प्रत्येकापुढे गेममध्ये असतात तसे गुण : 'संरक्षण +५'. पैसे यायला बराच काळ गेला, पण पुढची दोन कामं त्या पोस्टर्समुळेच मिळाली.

सध्या 'बाल्डर्स गेट ३' हा गेम हातात आहे. त्यात काही जमलं की फसलं हे फासा ठरवतो. वीस बाजूंच्या त्या फाशावर एक पडला की तुमच्याकडे कितीही बोनस असोत, बेत फसलाच. आमचा नायक सैतानाशी हुज्जत घालून जिंकतो आणि कोठीघराच्या साध्या कुलपापुढे त्याला एक पडतो. शेवटच्या चौकटीवरून अजून वाद चाललाय. चित्रकाराच्या मते कुलूप हसलं पाहिजे. माझ्या मते हसायला सैतानच परत यायला हवा, हातात किल्ली घेऊन.