नॉर्थफिल्डची बैरंग पत्रं

मुलीकडे अमेरिकेत मिनियापोलिसला आलं की माझा पहिला आठवडा झोपेत जातो आणि दुसरा कॉस्टको नावाच्या अवाढव्य दुकानात. या खेपेला तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, "अगं, मला नॉर्थफिल्डला ने." तिला वाटलं, मला तिथली बँक बघायचीय. १८७६मध्ये जेसी जेम्स या दरोडेखोराच्या टोळीने ती लुटायचा प्रयत्न केला, गावकऱ्यांनी टोळीला पिटाळून लावलं, आणि त्या जिवावर गाव अजून दरवर्षी जत्रा भरवतं. पण मला दरोड्याचं काय? सांगलीत पोस्टाच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढलेल्या बाईला ओढ पत्रांची.

दक्षिणेकडे तासाभराचासुद्धा रस्ता नाही. ऑक्टोबर होता. मका वाळून उभा, मेपल लाल झालेले. गावाच्या कडेला टेकडीवर सेंट ओलाफ कॉलेज आहे, आणि तिथल्या ग्रंथालयात नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन या संस्थेचं दप्तर. नॉर्वेतून अमेरिकेत आलेल्या साध्यासुध्या माणसांची पत्रं, डायऱ्या, हिशेबाच्या वह्या असं सगळं इथे सांभाळून ठेवलंय.

ही माणसं आली कशी, ते थोडक्यात सांगते. ४ जुलै १८२५ला स्टाव्हांगेर बंदरातून 'रेस्टोराशियोन' नावाचं एक चिमुकलं गलबत निघालं. निघताना माणसं ५२. ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला उतरली ५३, कारण वाटेत एक बाळ जन्मलं. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर लोक आले. नॉर्वे तो केवढा, त्यातून एवढी माणसं जाणं म्हणजे गावंच्या गावं ओस पडणं.

मुलीने आधीच मेल करून वेळ घेतली होती. आत जाताना पर्स कपाटात आणि पेन काढून घेतलं! पेन्सिलच चालते, कारण शाईचा ठिपका पडला की तो कायमचा. मी हातमोजे मागितले, तर तिथला तरुण मुलगा हसला. कागदाला मोजे नकोत म्हणाला, बोटांना कड कळत नाही आणि पान फाटतं. हात साबणाने धुवा, कोरडे करा, झालं. मग करडं खोकं आलं. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा. फोल्डरचा कागद आम्लविरहित, म्हणजे आतल्या पत्राला पिवळं पाडणार नाही असा.

पहिलं पत्र उघडलं आणि मला आपलं आंतरदेशीयच आठवलं. पाकीट नाही. एकच मोठा ताव, आत मजकूर, घड्या घालून बाहेर पत्ता, वर लाल लाखेचा तुकडा. एक पान सरळ लिहून झाल्यावर कागद आडवा फिरवून त्याच ओळींवर पुन्हा लिहिलेलं, कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांसारखं. टपाल महाग, कागद महाग, मग करणार काय! त्या काळी पत्र बरेचदा बैरंगच यायचं, पैसे घेणाऱ्याने भरायचे. अख्ख्या आळीने वर्गणी काढून एक पत्र सोडवायचं आणि मग सगळ्यांनी ऐकायचं, असंही व्हायचं. येर्ट होव्हलान नावाचा शेतकरी १८३१मध्ये अमेरिकेत आला. त्याने घरी पाठवलेल्या पत्रांच्या हाताने नकला होऊन त्या गावोगाव फिरल्या, आणि त्या ऐकून लोकांनी घरदार विकून बोटी गाठल्या.

आता गंमत बघा. ही 'अमेरिकापत्रं' गेली नॉर्वेला. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात की टपाल शेवटी पत्त्यावरच्या माणसाचं. म्हणजे होव्हलानसारख्यांनी लिहिलेलं सगळं तिकडच्या माळ्यांवर, आणि आईने तिकडून धाडलेली उत्तरं इकडच्या पेट्यांत. एक बाजू इथे, दुसरी समुद्रापार. थिओडोर ब्लेगेन हे इतिहासाचे प्राध्यापक, संस्थेच्या प्रकाशनांचे पहिले संपादक. ते १९२८-२९मध्ये मुद्दाम नॉर्वेला गेले आणि ही दुसरी बाजू शोधत फिरले. त्यांचं काम मला सॉर्टिंगसारखंच वाटलं, फक्त शंभर वर्षं उशिराचं.

संस्था निघाली ६ ऑक्टोबर १९२५ला, म्हणजे पहिल्या गलबताला शंभर वर्षं होताना. पहिले सचिव ओले रोल्वाग. कागदपत्रं सांभाळायचं कामही त्यांच्याकडेच. वयाच्या विसाव्या वर्षी मासेमारी सोडून आलेला हा माणूस पुढे याच कॉलेजात नॉर्वेजियन शिकवायला लागला. कागद सांभाळायची घाई का झाली असेल, तेही उघड आहे. १९१८च्या मे महिन्यात, महायुद्धाच्या ज्वरात, शेजारच्या आयोवा राज्याच्या गव्हर्नरांनी, विल्यम हार्डिंग यांनी, फर्मान काढलं होतं: शाळेत, चर्चमध्ये, रस्त्यावर, इतकंच काय फोनवरसुद्धा इंग्रजीच बोलायचं. म्हाताऱ्या आज्यांनी कुणाशी बोलायचं मग? नातवंडं इंग्रजी झाली, आणि पेटीतली पत्रं झाली मुकी.

त्यात लिपीची भानगड. जुनी पत्रं गॉथिक वळणाच्या हातात आहेत. नॉर्वेजियन नीट येणाऱ्यालाही ती वाचता येत नाहीत, जसं मराठी येऊनही आपल्याला मोडी लागत नाही. घर रिकामं करताना न वाचता येणारा गठ्ठा सापडला की माणसं टाकून देतात. वाचता येत नाही, तर ठेवायचं कशाला? आमच्या आजोबांचे मोडी कागद बंबात गेले, ते असेच.

त्या मुलाने मला त्याच्या कामातले शत्रू दाखवले: गंजलेली टाचणी, चिकटपट्टी, रबरबँड. वर्तमानपत्राचं कात्रण पत्रात ठेवलं असेल तर शेजारच्या पानावर तपकिरी सावली उमटते. पण मला खरा चटका लागला तो एका पाकिटाने. कोपऱ्यात तिकीट नव्हतं, कुणा हौशी माणसाने कात्रीने कापून नेलेलं. अहो, तिकिटाबरोबर शिक्का गेला! आत तारीख लिहिलेली नाही, म्हणजे ते कधी आणि कुठून निघालं ते सांगणारा एकमेव साक्षीदार गेला.

दुसऱ्या दिवशी आयोवातल्या डेकोराला गेलो. तिथे 'डेकोरा-पोस्टेन' हे नॉर्वेजियन वर्तमानपत्र १८७४पासून १९७२पर्यंत निघत होतं. तिथल्या वेस्टरहाइम संग्रहालयात प्रवाशांच्या लाकडी पेट्या आहेत, वेलबुट्टी रंगवलेल्या, वर मालकाचं नाव आणि साल. पेटीचंच पाकीट केलेलं. जेवायला लेफ्सं खाल्लं. बटाट्याची पोळीच ती, फक्त लांब काठीने उलटतात.

परतताना गाडीत मुलगी म्हणाली, "आई, तू मला लिहायचीस ती पत्रं माझ्याकडे आहेत." २००८मध्ये ती इकडे आली, तेव्हा दोन वर्षं आम्ही एकमेकींना लिहायचो, मग व्हॉट्सअॅप आलं. तिची पत्रं माझ्याकडे खालच्या कपाटात होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर घरात आला आणि ती पत्रं गेली. लगदा झाला होता नुसता. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. गाडीत सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

रात्री तिने गॅरेजमधून बुटांचं खोकं आणलं. गठ्ठ्याला रबरबँड होता, वितळून कागदाला चिकटलेला. ती नखाने खरवडायला लागली, तशी मी ओरडले, "थांब, हात धुऊन ये आधी." मग दोघींनी मिळून अर्धा तास ते काम केलं. सांगलीचा शिक्का, माझ्याच काउंटरवरचा, किंचित तिरका. एकेक पाकीट टेबलावर मांडत गेले, आणि सातव्या पाकिटाच्या कोपऱ्यात बघते तर चौकोनी भोक.

मी मान वर केली. नातू जिन्याच्या चौथ्या पायरीवर होता, आणि अगदी हळूच पाचवी चढत होता.