पूल उडवायचा, पण कधी?

दुसऱ्या महायुद्धावरच्या संगणकी युद्धखेळात हेक्सच्या, म्हणजे षटकोनी घरांच्या, नकाशावर माघार घेणारी बाजू खेळायची तर पुलांचे नियम आलेच पाहिजेत. मी एका मित्राबरोबर ईमेलवर फाइली पाठवून खेळतो, आणि ऱ्हाइनवरचा जर्मन बचाव माझ्या वाट्याला आला.

आधी नदी नेमकी कुठे आहे ते बघावं लागतं. जॉन टिलर यांच्या ‘पॅन्झर कॅम्पेन्स’ मालिकेत ती दोन हेक्समधल्या कडेवरून वाहते. ‘ऑपरेशनल आर्ट ऑफ वॉर’ या दुसऱ्या खेळात ती हेक्सच्या आतूनच जाते, आणि रस्ता तिला छेदतो तिथे पूल. त्यामुळे तुकडी नक्की कुठे उभी करायची, हा हिशेबच दोन्हीकडे वेगळा.

मग सॅपर, म्हणजे पूल उडवणारे आणि बांधणारे सैनिक. हुकूम दिला म्हणजे पूल पडला असं नाही. फासा विरुद्ध पडला की पूल जागच्या जागी. सुरुवातीला मला हा निव्वळ चावटपणा वाटायचा. मग ऱ्हाइनवरच्या रेमागेनच्या पुलाबद्दल वाचलं. ७ मार्च १९४५ला तिथल्या जर्मन सॅपरांकडे मागितलेल्या ६०० किलोंऐवजी ३०० किलोच स्फोटकं आली होती, तीही कमी ताकदीची. मुख्य विजेची जोडणी पेटलीच नाही. एकाने गोळीबारात धावत जाऊन राखीव सुरुंग हाताने पेटवला. पूल उचलला गेला आणि पुन्हा जागेवर बसला! अमेरिकन त्यावरून पार. तेव्हापासून फाशाशी भांडणं सोडून दिलं.

खरी गोम टर्नची आहे. माझा टर्न संपला की मी नुसता प्रेक्षक. रस्त्याने सुटलेले रणगाडे समोरच्याच्या एका टर्नमध्ये थेट पुलापर्यंत येऊ शकतात. म्हणजे निर्णय एक टर्न आधी घ्यायचा, आणि तेव्हा माझ्याच दोन डिव्हिजन अजून पलीकडे असतात. गंमत म्हणजे जर्मनांचीही हीच कोंडी झाली होती. ऑक्टोबर १९४४मध्ये कोलोनमधल्या म्युलहाइम पुलावर बॉम्ब पडला, लावून ठेवलेले सुरुंग फुटले आणि पूल अवेळी गेला. त्यावर हिटलरचा हुकूम निघाला: शत्रू ८ किलोमीटरच्या आत आल्याशिवाय सुरुंग लावायचे नाहीत, आणि उडवायचा तर लेखी आदेश हवा. रेमागेननंतर मात्र ‘पूल का नाही उडवला’ म्हणून चार अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. लवकर उडवला तरी मेलात, उशीर झाला तरी मेलात.

आता मी आडबाजूचे पूल आधीच उडवून टाकतो. मुख्य पूल एकच ठेवायचा, सॅपर तिथेच, आणि पलीकडच्या तीरावर दोन-तीन हेक्स पुढे पायदळाची आडकाठी, म्हणजे रणगाडे एका दमात येत नाहीत. ते पायदळ बहुतेक वेळा परत येत नाही, हे धरूनच चालायचं.

आणि पूल पडला म्हणून हात झटकू नयेत. मार्केट-गार्डन या हॉलंडमधल्या दोस्तांच्या मोहिमेत सोन गावचा पूल १७ सप्टेंबर १९४४ला उडाला, तर १९च्या सकाळी ब्रिटिश रणगाडे बेली पुलावरून (सुटे भाग जोडून झटपट उभारायचा लष्करी पूल) पुढे निघालेसुद्धा. म्हणून पडलेल्या पुलावर तोफांचा मारा पोचेल अशी एक तोफखाना तुकडी राखून ठेवतो. मित्र यावर भयंकर वैतागतो, सध्या त्याचे सॅपर तिसऱ्यांदा त्याच जागी खपताहेत.