पाण्यातली घरं आणि क्यूसीचा नियम

इंदूरमध्ये बसून आम्ही अमेरिकेचे समुद्रकिनारे काढतो. तिकडच्या जुन्या सर्वेक्षणाच्या शीट स्कॅन होऊन येतात. त्या आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवायच्या, मग किनारा, दलदल, रस्ते, घरं वेगवेगळ्या लेअरमध्ये गिरवायची. रामबागेतले आमचे काका याला ‘ट्रेसिंगचं काम’ म्हणतात. गिरवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. जीव जातो तो शीट जागेवर बसवताना.

या वेळचं काम व्हर्जिनियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूच्या बेटांचं होतं. मुख्य भूमीला समांतर अशी लांबट, अरुंद बेटं. मागे खाजण आणि उथळ पाणी, पुढे थेट अटलांटिक. वादळात लाटा बेटाच्या माथ्यावरून जातात, पुढची वाळू उचलून मागच्या खाजणात टाकतात, आणि बेट हळूहळू मागे सरकतं. त्यातल्या हॉग आयलंडची तऱ्हा आणखी वेगळी. दक्षिणेचं टोक झिजतंय आणि उत्तरेला वाळू साचतेय, म्हणजे बेट जागच्या जागी फिरतंय म्हणा ना.

आता अशा बेटाची शीट बसवायची कशाच्या आधारावर? शहराचा नकाशा असला की चर्चचा कोपरा, पूल, चौरस्ता असे पक्के बिंदू मिळतात. इथे 1896 चं लोखंडी दीपगृह होतं, तेही 1948 मध्ये पाडलं. उरतात शीटवर आखलेले अक्षांश-रेखांशांचे छेद, आणि कागद उभा जितका ताणलेला, आडवा तितका नाही. शिवाय जुनं डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा जुना आधार, आधी 1927 च्या चौकटीत आणायचं, तिथून 1983 च्या. ही पायरी गाळली तर अख्खं बेट बाजूला सरकतं आणि आरएमएस, म्हणजे सरासरी चुकीचा आकडा, मात्र छान दिसत राहतो, कारण चूक सगळीकडे सारखीच असते. आरएमएस बघून फाइल पास करणारे आमच्या धंद्यात खूप आहेत. पुढे तेच मॅनेजर होतात.

शीट नीट बसली. हॉग आयलंडवरच्या गावाचं नाव ब्रॉडवॉटर. भरात असताना अडीचशेच्या आसपास वस्ती, शाळा, चर्च, मागे पाइनचं जंगल. घरांचे काळे चौकोन रस्त्याला धरून ओळीने उभे. आमच्या टीममध्ये छनेऱ्याची एक मुलगी आहे, तिने एकेक टिपलं. हात इतका स्वच्छ की तिची फाइल उघडून बघायला मला आवडते. फाइल क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, गेली आणि अख्खी लाल होऊन परत आली. एरर: इमारत पाण्यात.

नियम असा की प्रत्येक इमारतीचा बिंदू जमिनीच्या पॉलिगॉनच्या, म्हणजे आखलेल्या बंद आकृतीच्या, आत पडला पाहिजे. हा नियम कुणीतरी समुद्रापासून दूरच्या शहरांसाठी लिहिलेला, तो सगळ्या प्रोजेक्टना चिकटवून दिलाय. आणि पॉलिगॉन घेतला होता आजच्या किनाऱ्याचा. ब्रॉडवॉटरची जागा आज समुद्रात आहे. क्यूसीवाल्यांचा उपाय तयार होता: “स्नॅप कर दो ना सर, सबसे पास वाली ज़मीन पे. दो मिनट का काम है.” खरंच दोनच मिनिटांचं काम. सगळं गाव उचलून, जिथे ते कधीच नव्हतं अशा वाळूवर ठेवलं असतं, आणि रिपोर्ट हिरवा झाला असता. मी नाही म्हणालो. आवाज चढले, चहा गार झाला, शेवटी क्लायंटला विचारायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: बिंदू हलवू नका. आमच्या साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, जणू त्यांचंच मत होतं.

प्रकरण इथेच मिटायचं. पण त्या मुलीने विचारलं, “सर, वहाँ के लोग गए कहाँ?” म्हणून वाचायला बसलो. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्रगवतावर रोग पडला आणि त्या गवतात वाढणाऱ्या स्कॅलप शिंपल्यांचा धंदा बसला. ऑगस्ट 1933 मध्ये मोठं वादळ आलं, खारं पाणी आत घुसलं, पाइनचं जंगल मेलं. पुढची काही वर्षं लोक निघत राहिले आणि 1940 चं दशक लागता लागता गाव रिकामं झालं. जाताना कित्येकांनी घरंसुद्धा नेली. तराफ्यांवर चढवून, खाडी ओलांडून, मुख्य भूमीवरच्या विलिस व्हार्फ आणि ऑयस्टर या गावांत.

तिला याचं काहीच नवल वाटलं नाही. तिचं मूळ गाव हरसूद, 2004 मध्ये इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात गेलेलं. लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडून विटा, कौलं, वासे ट्रॉल्यांत भरून नेले होते. छनेऱ्यातल्या त्यांच्या घराची चौखट हरसूदची आहे, वरच्या पट्टीला जुन्या कडीची भोकं अजून दिसतात, हे तिने जेवता जेवता सांगितलं आणि भेंडीची भाजी पुढे केली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या डेटाच्या तक्त्यात काय चाललंय. विलिस व्हार्फचा भागही आमच्याकडेच आहे. तिथे नंतरच्या नकाशात जो चौकोन पहिल्यांदा दिसतो त्याला आम्ही ‘नवीन बांधकाम’ लिहितो. ब्रॉडवॉटरच्या चौकोनांना ‘नष्ट’. म्हणजे तराफ्यावरून आलेलं घर एका फाइलमध्ये मेलेलं, दुसरीत नुकतंच जन्मलेलं. कुठलं घर कुठे गेलं हे चौकोनावरून कळणार नाही, मान्य. पण निदान ‘स्थलांतरित असू शकतं’ एवढं लिहायला जागा हवी की नको? मी रिमार्क्समध्ये लिहिलं. एक्सपोर्टमध्ये रिमार्क्स गळतात, कारण क्लायंटच्या यादीत तो कॉलमच नाही.

पुढच्या बॅचमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या शॅकलफर्ड बँक्सच्या शीट आहेत. तिथेही 1899 च्या वादळानंतर डायमंड सिटी गावातल्या लोकांनी घरं सुटी करून होड्यांवरून हार्कर्स आयलंडला नेली होती. कॉलम आधीच मागून ठेवलाय. साहेब म्हणाले, रेट वाढवून मिळणार असेल तर बघू.