रुग्णालयाच्या रेडिओवर पाहुणे आणताना

नामवंत पाहुण्यांना रुग्णालयाच्या रेडिओवर बोलावण्याची परवानगी मागणारा माझा पहिला अर्ज वैद्यकीय अधीक्षकांकडून परत आला, तेव्हा त्याच्या समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिलेला होता : ‘पाहुणे वॉर्डात असताना त्यांच्याबरोबर कोण असेल?’ पाहुण्यांची कीर्ती, त्यांचे पुरस्कार आणि त्यांच्या येण्याने रुग्णांना होणारा आनंद यांवर मी दोन पाने लिहिली होती; हा प्रश्न मात्र माझ्या मनातही आला नव्हता. त्याचे पुरेसे उत्तर तयार करण्यात माझे पाच महिने गेले. पुण्यात किंवा अन्यत्र कोणी असे काम हाती घेणार असेल तर त्यांचे थोडे श्रम वाचावेत, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

मी शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी माझ्या यजमानांच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आणि ते एकवीस दिवस पाठीवर निजून होते. दुपारी चार वाजल्यानंतर वॉर्डात वेळ कसा थांबतो, हे मी त्या दिवसांत पाहिले. औषधे देऊन झालेली असतात, डॉक्टरांची फेरी लांब असते आणि माणूस छताच्या पंख्याकडे पाहत राहतो. पुण्यातल्या ज्या धर्मादाय रुग्णालयात ते होते, तिथेच काही स्वयंसेवकांनी रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा असा गाण्यांचा आणि गप्पांचा कार्यक्रम सुरू केला होता. यजमान घरी आल्यावर मी त्या गटात दाखल झाले. पाहुणे मिळवणे आणि पाठीराखे जोडणे ही जबाबदारी माझ्याकडे आली, कारण पत्रे लिहिण्याची सवय मला होती.

आमचा रेडिओ म्हणजे तळमजल्यावर केसपेपरच्या दप्तराशेजारची एक खोली, दोन मायक्रोफोन, एक छोटा मिक्सर आणि एक संगणक. आम्ही हवेत लहरी सोडत नाही. सामुदायिक रेडिओचे धोरण २००२ साली शिक्षणसंस्थांसाठी आले आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांनाही खुले झाले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ मेगाहर्ट्झवर ऐकू येते, ती अशाच परवान्यावर. परंतु तसा परवाना, मनोरा आणि प्रक्षेपक यांचा भार आम्हाला पेलणारा नव्हता आणि आमचा श्रोता तर एकाच इमारतीत होता. म्हणून तारेने जोडलेले स्पीकर सहा वॉर्डांत आणि ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांच्यासाठी रुग्णालयाच्या वायफायवर एक दुवा, अशी व्यवस्था ठरली. आवाज किती ठेवायचा हे त्या त्या वॉर्डाच्या सिस्टर ठरवतात आणि त्यांनी बंद केला तर आम्ही कारण विचारत नाही.

ही कल्पना काही आमची नव्हे. ब्रिटनमधल्या यॉर्क काउंटी हॉस्पिटलमध्ये १९२५ साली खाटांपर्यंत हेडफोन पोचवून रुग्णांसाठी प्रसारण सुरू झाले होते, आणि पुढे त्या देशात असे शेकडो स्वयंसेवी रेडिओ निघाले. बीबीसी रेडिओ २ वर तीस वर्षांहून अधिक काळ सकाळचा कार्यक्रम सादर करणारे केन ब्रूस यांनी आपला आवाज प्रथम ग्लासगोच्या रुग्णालय रेडिओवरच घडवला. अशी माणसे मोठी झाल्यावरही या कामाबद्दल आपुलकीने बोलतात. माझ्या पहिल्या अर्जात मी हे सारे उत्साहाने लिहिले होते.

अधीक्षकांच्या प्रश्नाने मला त्याच इतिहासाची दुसरी बाजू वाचायला लावली. जिमी सॅव्हिल हा बीबीसीचा अत्यंत लोकप्रिय निवेदक रुग्णालयांचा मोठा पाठीराखा म्हणून ओळखला जाई. स्टोक मँडेव्हिल रुग्णालयासाठी त्याने मोठा निधी जमवला होता आणि त्या कीर्तीच्या बळावर अनेक वर्षे त्याला वॉर्डांत मुक्त प्रवेश होता. २०११ साली त्याचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी उघड झाले की, त्याने रुग्णालयांतल्या रुग्णांवर, त्यांत लहान मुलांवरही, अत्याचार केले होते. या प्रकरणातून काय शिकायचे याचा जो अहवाल केट लॅम्पर्ड आणि एड मार्सडेन यांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये दिला, त्यात प्रत्येक रुग्णालयाने नामवंतांच्या भेटींसंबंधी लिखित धोरण ठरवावे, अशी शिफारस आहे. हे वाचल्यावर माझ्या अर्जातली ती दोन पाने मला अपुरी वाटली, आणि ती पेन्सिलीची ओळ लिहिणाऱ्या डॉक्टरांविषयीचा माझा आदर वाढला. आजारी माणूस आपल्या खाटेवरून उठून जाऊ शकत नाही. समोर आलेला मनुष्य प्रसिद्ध असेल तर तो ‘नको’ही म्हणू शकत नाही. पाहुणा कितीही थोर असला तरी खाटेशी कोणी यावे हे रुग्णानेच ठरवायचे आहे, हे मला तेव्हा कळले आणि आमचे सगळे नियम मी त्याच एका विचारावर उभे केले.

अधिसेविकांबरोबर बसून आम्ही मसुदा केला. पाहुणे मुख्य दारापासून परत जाईपर्यंत एक स्वयंसेवक आणि वॉर्डात शिरल्यावर एक परिचारिका त्यांच्यासोबत राहील. ज्या रुग्णाने आदल्या दिवशी संमतीपत्रावर सही केली आहे, त्याच्याच खाटेशी पाहुणे जातील. रेडिओवर रुग्णाचे फक्त पहिले नाव घेतले जाईल आणि आजाराचा उल्लेख होणार नाही, मग रुग्णाने स्वतः केला तरी ध्वनिमुद्रणातून तो काढला जाईल. संसर्ग-नियंत्रण समितीने त्यात आणखी भर घातली : अतिदक्षता आणि विलगीकरण कक्ष वर्ज्य, सर्दी-खोकला असल्यास भेट पुढे ढकलणे, आत शिरताना आणि बाहेर पडताना हात धुणे आणि मायक्रोफोनवरचे फोमचे आवरण प्रत्येक वक्त्यासाठी वेगळे. फुलांना मनाई झाली, म्हणून आम्ही शाल-श्रीफळही बाद केले. आपल्याकडे पाहुण्याचा सत्कार न करणे मनाला लागते. त्याऐवजी कार्यक्रमात वाचलेल्या फर्माईश चिठ्ठ्यांपैकी एक, रुग्णाची परवानगी घेऊन, पाहुण्यांना द्यावी असे आमच्यातल्या एका तरुण स्वयंसेविकेने सुचवले. आजवर दिलेल्या कोणत्याही भेटवस्तूपेक्षा ती चिठ्ठी लोक अधिक जपून नेतात.

परवानगी मिळाल्यावर मी चौदा पत्रे पाठवली आणि तीन उत्तरे आली, तीही नकाराची. पत्रे पुन्हा वाचली तेव्हा दोष दिसला. ‘आपण आमच्या उपक्रमास आशीर्वाद द्यावेत’ असे मी लिहिले होते. त्या माणसाने नेमके काय करायचे आहे, हे कुठेच नव्हते. नंतरच्या पत्रात मी वार, वेळ आणि काम स्पष्ट लिहू लागले : शनिवारी साडेचार वाजता या, दहा चिठ्ठ्या वाचा, पस्तीस मिनिटे बोला, रिक्षा दारापर्यंत येते, पायरी एकही चढावी लागत नाही, भाषण तयार करू नये. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत कोणत्याही गायकाला विचारू नये आणि नाटकवाल्यांना शनिवार-रविवार मागू नये, हेही याच काळात कळले. त्यांच्यासाठी आम्ही मंगळवार ठेवला.

पहिली भेट ठरली ती एका परिचित अभिनेत्याची, आणि तिथे आमचे चुकले. तो गृहस्थ सौजन्याने वागला, परंतु त्याच्यासोबत आलेल्या चौघांपैकी दोघे मोबाइलवर चित्रण करत होते. पाहुण्याबरोबर कोण असेल हे आम्ही ठरवले होते. पाहुण्याने कोणाला बरोबर आणायचे, याविषयी आमच्या कागदावर एक शब्दही नव्हता. त्या रात्री एका छायाचित्रात पलीकडच्या खाटेवरच्या आजींचा चेहरा आणि नाकातली नळी लोकांसमोर गेली. आजींनी कशालाच संमती दिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मुलीला भेटले.

“बाई, आईनं आयुष्यात कुणासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही,” ती म्हणाली. एवढेच म्हणाली.

मी क्षमा मागितली. अभिनेत्याला कळवताच त्याने ते छायाचित्र तासाभरात काढायला लावले आणि आजींना स्वतःच्या अक्षरात पत्र पाठवले. पण चूक त्याची नव्हती, ती माझी होती, आणि अधीक्षकांना दिलेल्या लेखी निवेदनात मी तसेच लिहिले. दोन महिने भेटी बंद राहिल्या. नंतर नियम वाढला : पाहुण्यासोबत एकच व्यक्ती, दोघांचेही मोबाइल आमच्या खोलीत ठेवलेले आणि छायाचित्र फक्त मायक्रोफोनसमोर. या नियमामुळे दोन प्रसिद्ध व्यक्तींनी येण्याचे नाकारले. मला त्याची खंत नाही.

पाठीराख्यांचा अनुभव निराळा होता. तार आणि स्पीकर तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने दिले आणि वर दोन दिवस आपला कारागीरही पाठवला. नावाची पाटी नको, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. ध्वनिमुद्रित गाणी सार्वजनिक ठिकाणी वाजवायची तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आणि ध्वनिमुद्रणांच्या हक्कांसाठी संबंधित कंपन्यांची संस्था, अशा दोन्ही बाजूंची परवानगी पाहावी लागते. रुग्णसेवा आहे म्हणून हा खर्च टाळावा, असे आमच्यातल्या काहींचे मत होते. कलावंतांना पाहुणे म्हणून बोलवायचे आणि त्यांच्या हक्काचे पैसे चुकवायचे, हे मला पटले नाही. तो खर्च एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून मिळाला. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात. त्यासाठी लागणारी कागदपत्रे रुग्णालयाच्या विश्वस्त संस्थेने पुरवली. कंपनीच्या अधिकाऱ्याने लाभार्थींची संख्या मागितली, तेव्हा मी खाटांचा आकडा न देता आठ महिन्यांत आलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांची पेटी त्यांच्यासमोर ठेवली. ते बराच वेळ वाचत बसले.

नकारही द्यावे लागले. एका औषधविक्रेत्याने वर्षभराचा खर्च देऊ केला होता; बदल्यात मधुमेह समूळ घालवणाऱ्या त्याच्या चूर्णाची जाहिरात रोज दोनदा हवी होती. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, पण कायदा नसता तरी इन्सुलिनवर असलेल्या माणसाच्या कानात ते सांगणे हा अपराधच झाला असता. निवडणुकीच्या तोंडावर आलेले भेटीचे प्रस्ताव आम्ही सरसकट बाजूला ठेवतो.

भेटी पुन्हा सुरू झाल्या त्या आकाशवाणीवर अनेक वर्षे निवेदन केलेल्या एका ज्येष्ठ बाईंपासून. पुणे आकाशवाणी सुरू झाली २ ऑक्टोबर १९५३ रोजी. त्यानंतर दीडच वर्षाने, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, तिथून ‘गीतरामायण’ सुरू झाले, ग. दि. माडगूळकरांनी लिहावे, सुधीर फडक्यांनी चाल द्यावी आणि आठवड्याला एक नवे गीत लोकांपर्यंत पोचावे, असे ते छप्पन्न गीतांपर्यंत वर्षभर चालले. बाई तेव्हा शाळेत होत्या. रेडिओला हार घालून लोक ऐकायला बसत, हे त्यांनी स्वतः पाहिलेले होते. त्या हे सांगत असतानाच पुरुषांच्या अस्थिविभागातून चिठ्ठी आली आणि पाठोपाठ सिस्टरांनी वॉर्डातला फोन जोडून दिला.

“ताई, आमच्या वाड्यात एकच रेडिओ होता. मालकांच्या ओसरीवर.”

“कुठल्या पेठेत हो?”

“कसब्यात. माझी आई शेवटच्या पायरीवर बसायची. वर बसा म्हटलं तरी बसायची नाही.”

बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी विचारले, “त्यांना कुठलं गाणं आवडायचं?” पुढची दहा मिनिटे त्या दोघांचे संभाषण सहा वॉर्डांनी ऐकले. पाहुण्यांनी स्वतःविषयी काही सांगायचे राहून गेले आणि त्याची आठवण कोणालाच झाली नाही. रक्तदाब तपासायला आलेल्या सिस्टर यंत्र हातात धरून उभ्या राहिल्या होत्या, असे मला नंतर कळले.

दोन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. बोलायला नको, पण चिठ्ठ्या गोळा करायला येऊ का, असे त्यांनी विचारले. मी त्यांना नियम सांगितले : पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि पहिले तीन महिने दुसऱ्या स्वयंसेवकाबरोबर फेरी. त्यांनी रांगेत उभे राहून दाखला काढला. आता दर गुरुवारी त्या ओळखपत्र गळ्यात अडकवून अस्थिविभागापासून सुरुवात करतात, खाटेपासून दोन हात अंतरावर थांबतात आणि आधी विचारतात, “येऊ का?” गेल्या गुरुवारी सात नंबरच्या खाटेवरचा मुलगा ‘नको’ म्हणाला. त्यांनी मान डोलावली आणि त्या आठ नंबरकडे गेल्या.