दुसरी-तिसरीचा वर्ग वाचता-लिहिता करताना

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत माझी बदली झाली आणि दुसरी-तिसरी असे दोन वर्ग एकाच खोलीत माझ्याकडे आले. खोली छान होती. भिंतींवर बाराखडी, पाढे, फळं, प्राणी असं सगळं रंगवलेलं होतं. गोष्टींची पुस्तकंही होती, पण ती ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, साठा नोंदवहीतले क्रमांक टाकून ठेवलेली. भिंतीवरची बाराखडी मुलं तिच्याकडे न बघताच घडाघडा म्हणायची, आणि पुस्तकातलं साधं वाक्य समोर आलं की अडायची.

रंगवलेली भिंत पहिल्या आठवड्यानंतर मुलांना दिसेनाशी होते, हे मी आधीच्या शाळेतही पाहिलं होतं. तिच्यावर उद्या काही नवं येणार नसतं, आणि जे असतं ते मुलांविषयी नसतं. म्हणून ठरवलं, की या खोलीत जे वाचायला मिळेल त्यातलं बरंचसं मुलांनीच सांगितलेलं, लिहिलेलं असेल, आणि ते सतत बदलत राहील.

पुस्तकं बाहेर काढायची तर हरवण्या-फाटण्याचा प्रश्न होताच. मुख्याध्यापकांची काळजी रास्त होती, कारण साठा त्यांच्या नावावर असतो. विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवला. वापरून फाटलेल्या पुस्तकांचं रीतसर निर्लेखन करायचं, म्हणजे ती साठ्यातून कमी करायची, असं इतिवृत्तात लिहून घेतलं आणि कपाट उघडलं. एका पालकांनी टोमॅटोचे जुने कॅरेट दिले. ते आडवे करून खिडकीखाली दोनच थर लावले, म्हणजे दुसरीतल्या सगळ्यात बुटक्या मुलाचाही हात पोचतो. समोर सतरंजी. काही पुस्तकं सुतळीवर चिमट्यांनी लावली, मुखपृष्ठ पुढे करून. कण्यावरचं नाव वाचून पुस्तक निवडणं मोठ्यांना जमतं, सात वर्षांच्या मुलाला चित्र दिसावं लागतं. सुतळी मात्र आतल्या भिंतीलाच बांधा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि पानं चिकटतात.

कपाटातली बरीच पुस्तकं दुसरीसाठी जड निघाली. तिथे प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ कामी आलं. 2015 पासून ते खुलं आहे. मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि परवाना खुला असल्याने छापून वापरता येतात. मी काळ्या-पांढऱ्यात छापल्या, रंग मुलांनी भरले. मोठ्याने वाचून दाखवायला बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. ते 1971 पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात. शिवाय नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची मी सभासद आहे. 1840 साली सुरू झालेल्या या वाचनालयातून मी शनिवारी काही ना काही घेऊन येते. हजेरी झाली की रोज एक गोष्ट वाचायची, हे काहीही झालं तरी मोडत नाही.

अक्षरओळखीला मी फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी रुजवलेली अक्षरगटांची वाट धरली. सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द इतकं थांबायचं नाही. थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा घेऊन लगेच शब्दांवर यायचं. क, म, ल, न आणि काना एवढ्यावर मामा, नाक, कान, लाल, काम, माल तयार होतात. आमच्याकडे ‘काम’ आणि ‘माल’ हे शब्द मुलं घरी दिवसभर ऐकतात. ते स्वतःला वाचता आले तेव्हा मुलं जी खुलली, ती मी ‘अननस’ शिकवताना कधी पाहिली नव्हती.

पण वर्ग खरा बदलला तो द्राक्षाच्या हंगामात. दिवाळीनंतर आमच्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांकडची कुटुंबं इकडे बागांच्या कामाला येतात आणि त्यांची मुलं आमच्या पटावर येतात. थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. बागेत रद्दीचे गठ्ठे येऊन पडतात आणि मुलं दुपारनंतर तिथेच असतात. एक दिवस तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या घडाला क्रिकेटची बातमी आहे.” मी तिचं वाक्य जसंच्या तसं मोठ्या कागदावर लिहिलं. लगेच दुसरा म्हणाला, “आमच्या घडाला सोन्याचा भाव आहे.” तेही लिहिलं. कागद भरून गेला. दुसऱ्या दिवशी दप्तरं खाली टाकून मुलं आधी त्या कागदापाशी गेली. प्रत्येकाला आपलं वाक्य शोधायचं होतं, आणि ते शोधताना इतरांची वाक्यं आपसूक वाचून होत होती.

मग मुलं मथळ्यांचे तुकडे आणू लागली. ते चिकटवायचे आणि खाली दोन ओळी लिहायच्या. एकाने लिहिलं, “पपानी घडाला कागद लावला कारन मनी गुलाबी होतात.” आठ वर्षांच्या मुलाने एका वाक्यात कृती आणि तिचं कारण दोन्ही मांडलं होतं. अशा वेळी लाल पेन काढायचं नाही, यावर मी ठाम आहे. आधी काय लिहिलंय त्यावर बोलायचं. भिंतीवर लावायची वेळ आली की सगळे मिळून वाचतो, ‘कारण’, ‘मणी’ नीट करतो, आणि पक्की प्रत तो मुलगाच लिहितो. कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी मुलं आधी आपल्या बोलीत सांगतात, तेही तसंच कागदावर येतं. घरचं बोलणं भिंतीवर दिसलं की गप्प बसणारी मुलंही सांगायला पुढे येतात.

पुस्तक देवघेवीची वही मुलांकडेच दिली आहे. नाव, पुस्तक, तारीख आणि कसं वाटलं, असे रकाने. शेवटच्या रकान्यात एकाने “वाघ खरा नाही” एवढंच लिहिलंय. त्यावरून वर्गात अर्धा तास वाद झाला, कारण दुसऱ्याच्या मामाने खरा वाघ पाहिला होता म्हणे.

पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीच्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाची उद्दिष्टं तिसरीपर्यंतची आहेत, त्यामुळे मिनिटाला किती शब्द वाचतात हे मला नोंदवावं लागतं आणि मी ते प्रामाणिकपणे नोंदवते. पण चाचणी आली म्हणून वाचनाचा तास बंद होत नाही.

हंगाम संपला की पेठकडची मुलं परत जातात. स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावं म्हणून दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डाबरोबर मी त्यांची लिखाणाची वही आणि एक छापील गोष्ट देते. मूल काय वाचू शकतं, कशावर लिहायला आवडतं, हे तिकडच्या शिक्षकांसाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहिते. यंदा ते पान तिसरीतल्या मुलांनी स्वतःच लिहायला घेतलंय.