हाताआधी तोंड : लेकीच्या तबल्याच्या पहिल्या परीक्षेचा अनुभव

22 जुलै 2021 रोजी चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा जे जे माळ्यावर चढवता आलं ते आम्ही चढवलं. सासऱ्यांचा तबला-डग्गा मात्र पलंगाखालीच राहिला. ते जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. चाळीस वर्षं भजनी मंडळात साथ केलेला माणूस, आणि त्यांची तीच एक वस्तू आम्ही विसरलो. पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना दोन्ही सापडले. तबल्याचं खोड उभं चिरलं होतं. डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, कुजून गेली होती, पण तांब्याचं भांडं शाबूत होतं. सासूबाईंनी ते चिंच लावून घासलं, उन्हात वाळवलं आणि देवघराशेजारी पालथं घालून ठेवलं.

लेक तेव्हा सहा वर्षांची. येता-जाता ती त्या भांड्यावर बोटांनी टकटक करायची. दुसरीत गेल्यावर एकदा तिनं आजीला विचारलं, "आबा हे वाजवायचे म्हणजे कसं गं?" सासूबाईंनी मांडीवर हात मारून 'धा गे ना ती, न क धी न' असं म्हणून दाखवलं. त्यांना तेवढंच येत होतं. आमच्या घरातला पहिला धडा तोच.

डग्गा आम्ही कोल्हापूरच्या एका कारागिराकडून मढवून आणला. लहान हाताला बेतेल असा सव्वापाच इंची तोंडाचा, काळी एकला (पेटीच्या त्या पट्टीच्या सुराला) लागणारा नवा तबला घेतला आणि लेकीला क्लासला घातलं.

पहिल्या क्लासचं नाव सांगत नाही, पण तिथं काय घडलं ते सांगायला हवं, कारण कितीतरी मुलांचं असंच होत असणार. एका खोलीत पंधरा मुलं, सगळी एकदम वाजवणार. संमेलन जवळ आलेलं, म्हणून सगळा भर जलद वाजवण्यावर. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेवर टेकलेली हवी आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे बाहेरच्या काठावर, पडून लगेच उचलली गेली पाहिजे, तरच ती घंटेसारखी आस (रेंगाळणारा नाद) मिळते. हे तिला कुणी हात धरून दाखवलंच नाही. ती आख्खा पंजा आपटायची. बोटांच्या पेरांना सूज यायची. सात-आठ महिन्यांनी एका संध्याकाळी तिनं गवसणी ओढून तबल्याची तोंडं झाकली आणि म्हणाली, "आई, मला आवाज येतो, पण मी काय वाजवते ते मला कळत नाही."

त्या वाक्यानं मी हलले. कंटाळा आला असं ती म्हणत नव्हती. कळत नाही असं म्हणत होती, आणि ते अगदी खरं होतं. मलाही कळत नव्हतं. मी पतसंस्थेत आकडेमोड करणारी बाई, माझा गाण्याशी संबंध गणपतीतल्या आरत्यांपुरता.

2024 च्या जूनमध्ये दुसरे सर मिळाले. निवृत्त शिक्षक, घरीच शिकवतात, एका वेळी तीनच मुलं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तबला सध्या घरीच असू दे." पुढचे जवळजवळ दोन महिने तिनं त्यांच्याकडे तबल्याला हात लावला नाही. नुसती पढंत. म्हणजे तालाचे बोल तोंडानं म्हणायचे आणि हातावर टाळी आणि काल, म्हणजे टाळीविना रिकामी जागा, दाखवायचा. त्रितालाच्या सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात रिकामा बाजूला. धा धीं धीं धा, धा धीं धीं धा, धा तीं तीं ता, ता धीं धीं धा. मधल्या मात्रा बोटांवर मोजायच्या.

मला काळजी वाटू लागली. फी तबल्याची भरतोय आणि पोर टाळ्या वाजवून घरी येतेय. एकदा धीर करून सरांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, हाताला काय करायचंय ते हाताला माहीत नसतं. आधी तोंडाला माहीत व्हावं लागतं. तोंडाला आलं की हाताला फार उशीर लागत नाही." मी मान हलवली, पण त्या वेळी ते मला पटलं नव्हतं.

पटलं ते घरात. आमचा नवीन फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढताना ती झपताल म्हणायला लागली, एका पायरीला एक मात्रा. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दहा पायऱ्या झाल्या की पुन्हा सम, म्हणजे पहिली मात्रा. मी कणीक मळत असले की ती ओट्यापाशी उभी राहून दादरा म्हणणार, धा धी ना, धा ती ना, आणि माझा हातही नकळत सहाच्या हिशेबात फिरणार. सासूबाई जपमाळ ओढता ओढता काल कुठं आला ते हात उघडून दाखवायला लागल्या. ऑगस्टअखेर घरातल्या तिघींनाही पाच ताल तोंडपाठ होते. आणि एके दिवशी लेक म्हणाली, "आई, 'ती' आला ना, की डग्गा गप्प होतो. तो गप्प झाला की आपण कुठं आहोत ते कळतं."

तालातली खाली (कालाचंच दुसरं नाव) म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं. भरी आणि खाली हे शब्द पुस्तकात होतेच, पण घुमणारा डग्गा थांबतो आणि त्या पोकळीतून ऐकणाऱ्याला आपली जागा सापडते, हे तिनं तिच्या कानानं शोधलं होतं. त्यानंतर सरांनी तबला आणायला सांगितला.

मग मात्र भराभर पुढे गेलं. सुजलेल्या पेरांची सवय मोडायला महिना गेला, कारण चुकीचा हात सुटायला नव्या हातापेक्षा जास्त वेळ लागतो. पण बोल आधीच तोंडात असल्यामुळे बोटांनी फक्त तोंडाच्या मागून जायचं होतं. 'धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना' हा कायदा, म्हणजे ज्यात फेरफार करून पलटे वाजवतात ती मूळ रचना, तिला वाजवायच्या आधीच पाठ होता. त्याची दुसरी ओळ 'ताता तिट'नं सुरू होते तेव्हा डग्गा बंद असतो, हे तिला सांगावं लागलं नाही.

दिवाळीच्या सुमारास सर म्हणाले, प्रारंभिकला बसवू. ज्यांना ही वाट नवी आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशी चढण असते. प्रारंभिकला लेखी पेपर नसतो. परीक्षकासमोर बसायचं, वाजवायचं, पढंत करायची आणि सम, मात्रा, आवर्तन, लय अशा व्याख्या तोंडी सांगायच्या. अर्ज सरांच्या मार्फतच केंद्रावर गेला. नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे लिहा एवढंच सांगेन, कारण पुढच्या सगळ्या प्रमाणपत्रांवर तेच येतं.

सरांनी तिला विष्णू दिगंबर पलुस्करांची गोष्ट सांगितली होती. 1872 मध्ये कुरुंदवाडला जन्म, लहानपणी डोळ्यांना इजा, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण आणि 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना. घराण्याच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या सामान्य घरातल्या मुलांनाही पायरी-पायरीनं गाणं शिकता यावं, ही त्यांची तळमळ. 1931 मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभं केलं. माझी लेक ज्या पायरीवर बसणार होती ती इतकी जुनी आहे, हे मला त्यामुळे कळलं.

काही नातेवाईक म्हणाले, मुलीला तबला कशाला, गाणं शिकव, नाहीतर कथक. त्यांना उत्तर देत बसले नाही. लेकीला मात्र तबलावादक अनुराधा पाल यांच्या वादनाचे व्हिडिओ दाखवले. बाईंचे हात बघून ती इतकंच म्हणाली, "त्यांची अनामिका हलत नाही बघ."

त्याच आठवड्यात, 16 डिसेंबरच्या सकाळी, झाकीर हुसेन गेल्याची बातमी पक्की झाली. परीक्षा चार-पाच दिवसांवर होती. सरांनी त्या संध्याकाळी वाजवायला बसवलंच नाही. त्यांनी मुलांना एकच गोष्ट सांगितली, जी झाकीरभाईंनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. जन्मल्यावर बाळाला वडिलांच्या हातात दिलं तेव्हा उस्ताद अल्लारखाँनी त्याच्या कानात प्रार्थना म्हणायची रीत होती. त्यांनी बाळाच्या कानात तबल्याचे बोल म्हटले. तिन्ही मुलं गप्प बसली होती. घरी येताना लेकीनं विचारलं, "म्हणजे त्यांना पण आधी नुसतंच ऐकवलं?" मी हो म्हटलं आणि पुढं मला बोलता आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी पहाटे चांगलाच गारठा होता. पावसाळ्यात आमच्याकडे पुडी ओल धरते आणि सूर उतरतो, म्हणून गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून ठोकून आम्ही तबला ताणून ठेवलेला. डिसेंबरच्या कोरड्या हवेत तोच चढून बसला. केंद्रावर पेटीशी लावून बघितला तर पेटीच्या बराच वर. सरांनी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, खालून वर हलके ठोके देत तो उतरवला. चारी बाजूंनी सूर सारखा मिळेपर्यंत वीसएक मिनिटं गेली. पुढच्यांना माझं सांगणं आहे, निदान तासभर आधी पोचा आणि हातोडी घरी विसरू नका.

पालकांना आत सोडत नाहीत, आणि ते बरोबर आहे. दार बंद झालं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले.

बंद दारातून त्रिताल ऐकू आला. डग्गा थांबला तेव्हा मी मनात 'दहा' म्हटलं. परत घुमला, 'चौदा'. 'ता धीं धीं धा'मधला तेराव्या मात्रेचा 'ता' बंदच असतो, हे सहा महिन्यांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं. मग कायदा. पहिले दोन पलटे स्वच्छ. तिसऱ्यात ती थांबली. पूर्ण शांतता. माझे हात गार पडले. आतून परीक्षकांचा आवाज आला, "आधी म्हण, मग वाजव." तिनं पलटा तोंडानं म्हटला, एकदा सावकाश, एकदा लयीत. मग वाजवला. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा शेवटचा तुकडा, समेवर आली.

नंतर त्यांनी नेमकी झपतालाची दुगून विचारली. घरी ती याच जागी कितीतरी दिवस रडली होती. दुगुनीत एका मात्रेत दोन बोल बसतात, म्हणून दहा मात्रांचा ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, पाच मात्रांत संपतो आणि सहाव्या मात्रेला तो पुन्हा सुरू होतो. आता सहावी मात्रा ही झपतालाची कालाची जागा. म्हणजे हात रिकामा दाखवायचा आणि त्याच क्षणी तोंडात ठेक्याचा पहिला 'धी' म्हणायचा. हात म्हणतो खाली, तोंड म्हणतं सम. मुलं तिथंच घसरतात, हात तोंडाच्या मागे जातो आणि टाळी पडते. आम्ही त्यासाठी जिना वापरला होता. पायरी हाताची, बोल तोंडाचे, एका पायरीला दोन, आणि सहाव्या पायरीला हात उघडा. शंभर वेळा तरी केलं असेल.

दाराआडून 'धीना धीधी नाती नाधी धीना' ऐकू आलं, आणि पुन्हा तेच. टाळीचा आवाज तीन वेळा आला, पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेला. सहाव्याला आला नाही. त्या एका न आलेल्या आवाजानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर आल्यावर तिला भूक लागली होती. एसटी स्टँडजवळ मिसळ खाल्ली. पलटा का चुकला विचारलं तर म्हणाली, "मी हाताकडे बघितलं." काही महिन्यांनी निकाल लागला, पहिल्या श्रेणीत पास झाली. प्रमाणपत्र सासूबाईंनी आबांच्या फोटोखाली लावलं आहे.

आता प्रवेशिकेची तयारी सुरू आहे आणि ती रूपकात अडकली आहे. सात मात्रांचा हा ताल, ती ती ना, धी ना, धी ना. यात समेलाच काल असतो. पहिल्याच मात्रेला हात रिकामा दाखवायचा आणि तिथूनच सगळं सुरू करायचं, हे तिच्या हाताला अजून मान्य नाही. काल रात्री साडेनऊला ती जिन्यात उभी होती. सासूबाई वरून कठड्याला धरून म्हणत होत्या, "ती ती ना", आणि ही खालून एकेक पायरी चढत होती.